आमच्या हेल्मेटचा इतिहास बघायला रास अल खैमाला

ज्वारीचं पीठ संपत आलं होतं, म्हणून त्या सकाळी चारच भाकऱ्या केल्या. पाणी भरलं, अंगण झाडलं, ह्यांचे रंगाने माखलेले कपडे वेगळ्या बादलीत भिजवले आणि शिलाई मशीनवर बसले. हेल्मेटच्या आतली कापडी गादी शिवायचं काम मी घरी आणायची. हे त्याच कारखान्यात रंगारी होते. तासाभराने हे परत आले. मला वाटलं डबा विसरला, पण त्यांच्या काखेत पंचात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"ह्यातली गादी काढ आणि आपली बसव," ते म्हणाले. "लेबलसकट."

पंचात परदेशी हेल्मेट होतं. मी आतली शिवण उसवली. गादीखाली पांढऱ्या थर्माकोलचा जाड थर निघाला, चांगला दीड बोट. आमच्या हेल्मेटमध्ये त्या जागी पातळ स्पंज असायचा. मी काही विचारलं नाही. आमची गादी बसवली, आमचं लेबल शिवलं. ह्यांनी बाहेरचं परदेशी नाव घासून काढलं आणि लाल रंगावर पांढरी वीज काढली. संध्याकाळपर्यंत ते आमच्या कंपनीचं हेल्मेट झालं होतं.

बत्तीस वर्षांनी ही सकाळ परत आठवायचं कारण म्हणजे एक आमंत्रण. कोल्हापूरजवळच्या शेडमध्ये सुरू झालेल्या त्या कंपनीने आता रास अल खैमात जुळणीचा कारखाना काढला आहे. तिथे कंपनीच्या इतिहासाची एक खोली केली होती आणि तिचं उद्घाटन माझ्या हस्ते करायचं होतं. जुने मालक गेले. त्यांचा मुलगा अभिजित आता सगळं बघतो. फोनवर म्हणाला, "काकू, दत्ताकाकांच्या हातचं ते लाल हेल्मेट आम्ही जपून ठेवलंय. तुम्ही नाही आलात तर कोण येणार?" दत्ताकाका म्हणजे आमचे हे. चार वर्षांपूर्वी फुप्फुसं निकामी होऊन गेले. आयुष्यभर तोंडाला रुमाल बांधून फवारा मारला, त्याचं ते फळ.

कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. आज ती चांगली हेल्मेट करते, हे मी डोळ्यांनी बघून आले आहे. आणि जे लिहायचं आहे ते कंपनीपेक्षा माझ्याबद्दल जास्त आहे.

जायला हो म्हटलं त्याला दुसरंही कारण होतं. माझा भाचा समीर शारजात राहतो. माझ्या धाकट्या भावाचा, सुरेशचा, मुलगा. सुरेश मोटारसायकलवरून पडून गेला तेव्हा समीर सहा वर्षांचा होता. सुरेशच्या डोक्यात आमच्या कंपनीचं हेल्मेट होतं. ते मीच त्याला भाऊबीजेला दिलं होतं.

आता प्रवासाचं सांगते, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाला जायचं असेल.

कोल्हापूरहून मुंबईला आदल्या दिवशी जा आणि मुक्काम करा. माझ्या वयात तरी बसमधून उतरून थेट विमान जमत नाही. व्हिसा समीरने तिकडून काढला, चार दिवसांत आला. विमान सकाळचं, थेट शारजाला, तीन तासांच्या आसपास. त्यांचं घड्याळ आपल्यामागे दीड तास आहे, त्यामुळे निघाल्यापासून थोड्याच वेळात पोचल्यासारखं वाटतं. जानेवारीत गेले ते बरं झालं. दुपारी ऊन लागतं, पण सोसवतं. संध्याकाळी शाल लागते.

समीर न्यायला आला होता. दुबईत खाणं पोचवणाऱ्या पन्नासेक मोटारसायकलस्वारांवर तो सुपरवायझर आहे. स्वतः सहा वर्षं पाठीमागे खोकं लावून फिरला, मग वर चढला. गाडीत बसल्या बसल्या म्हणाला, "आत्या, बेल्ट."

"मागे बसलेय रे."

"मागे असो नाहीतर डिकीत असो. आमच्याकडे बेल्ट नाही तर गाडी नाही."

शेजारी बसलेली त्याची आठ वर्षांची इरा म्हणाली, "आजी, ही सेज इट टू एव्हरीवन." मी बेल्ट लावला.

शारजात घरभाडं कमी म्हणून लोक इथे राहतात आणि कामाला दुबईत जातात. त्याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. पुलाखाली गाड्या उभ्याच्या उभ्या. समीर पहाटे पाचला निघतो. त्याची बायको पल्लवी शाळेत शिकवते. गुरुवारी घरात कुणी नव्हतं, म्हणून मी एकटीच खाली उतरले. रोला भागात आपली माणसं भरपूर, कोथिंबीर-कढीपत्त्यापासून सगळं मिळतं. कोपऱ्यावर मलबारी माणसाचं चहाचं दुकान होतं. छोट्या कागदी पेल्यातला कडक चहा दोन दिरहॅम. मी मनात पन्नासाच्या जवळपास रुपये केले आणि तरी दुसरा घेतला. तिथे मोटारसायकलस्वार चहाला थांबतात. सगळ्यांनी हेल्मेट सीटवर काच वर करून ठेवलेली. त्यातली दोन आमच्या कंपनीची होती. मी एकाला विचारलं, "कसं आहे?" तो रत्नागिरीकडचा निघाला.

"बरं आहे मावशी. जड आहे जरा. पण साहेब ऐकत नाहीत. पट्टा सैल दिसला तरी गाडी काढून घेतात."

"कोण साहेब?"

"समीर सर. त्यांचे वडील तसेच गेले ना. पट्टा न लावता."

मी चहा संपवला आणि घरी आले. त्या दिवशी मोठी लायब्ररी बघायची ठरवली होती. शाळा सातवीत सुटल्यापासून वाचनावरच मी शिकले, त्यामुळे कुठल्याही गावी गेले की आधी पुस्तकं शोधते. त्या दिवशी गेले नाही.

इथे मला थांबून नीट सांगायला हवं.

आमच्या कंपनीचं नाव झालं ते बाळासाहेबामुळे. बाळासाहेब त्या काळी आमच्याकडे मातीच्या मैदानावर मोटारसायकलच्या शर्यती मारायचा. मालकांनी त्याला पेट्रोल, जाकीट आणि हेल्मेट देऊ केलं. बदल्यात त्याने आमचं नाव डोक्यावर मिरवायचं. त्याने आमचं हेल्मेट हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाला, "हे टोपलं घालून मी पळणार न्हाई. जाहिरात तुमची, पर डोस्कं माझं हाय." म्हणून मालकांनी मुंबईहून परदेशी हेल्मेट आणलं, आणि त्या सकाळी ते माझ्या मशीनवर आलं. शर्यतीत बाळासाहेब पडला, चार कोलांट्या खाल्ल्या, उठला आणि हात हलवला. तो फोटो कॅलेंडरवर आला, दुकानांच्या फळ्यांवर आला. खाली लिहिलेलं, याच हेल्मेटने वाचवलं. मग माल पुरेना. मला दिवसाला पन्नास गाद्या शिवाव्या लागायच्या.

आतला पांढरा थर कशासाठी असतो हे मला ठाऊक होतं, हीच खरी गोष्ट आहे. ह्यांच्याकडे रंगाच्या नमुन्यांसाठी परदेशी मासिकं यायची. मी डिक्शनरी घेऊन ती वाचायची. बाहेरचं कवच धक्का घेतं आणि आतला थर स्वतः दबून डोकं वाचवतो, हे मी त्यात वाचलं होतं. न शिकलेली बाई असते तर निदान कळत नव्हतं असं म्हणता आलं असतं.

त्या वर्षी भाऊबीजेला मी सुरेशला ओवाळलं. त्याने साडी दिली. मी कामगारांच्या सवलतीत घेतलेलं हेल्मेट त्याच्या हातात ठेवलं. त्याने ते डोक्यावर घातलं, आरशात बघितलं आणि विचारलं, "ताई, बाळासाहेब पडला ते हेच ना?"

मी म्हटलं, "हो, हेच."

हे शेजारी बसले होते. ते लाडू खात राहिले.

चार महिन्यांनी हायवेवर त्याची गाडी घसरली. सरकारी दवाखान्यात त्याची पिशवी माझ्या हातात दिली. त्यात हेल्मेट होतं. पट्ट्याचं बकल बंद होतं. पट्टा दुसऱ्या टोकाला रिव्हेटसकट कवचातून उपटून आला होता. ते मी बघितलं, ह्यांनी बघितलं. हे हेल्मेट कारखान्यात घेऊन गेले, ते परत दिसलं नाही. दहाव्याला मालक आले होते. कुणीतरी विचारलं, हेल्मेट असून कसं झालं. मालक म्हणाले, "पट्टा लावला नसेल." मी तेव्हा त्यांना चहा देत होते. कप देऊन आत गेले.

त्यानंतर कारखान्यात प्रत्येक पट्ट्याला दोन रिव्हेट आणि आतून लोखंडी चकती लागली. वर्षभरात थर्माकोलचे साचेही आले. म्हणजे त्यांना चूक कळली होती, पण आमच्यापैकी कुणी बोललं नाही. सुरेशची बायको नवरा बेफिकीर होता असं मानूनच गेली. आणि समीर तेच मनात धरून मोठा झाला.

शनिवारी रास अल खैमा. शारजाहून बसही जाते, साधारण तीस दिरहॅम, म्हणजे सातशेच्या आसपास रुपये. आम्ही समीरच्या गाडीने गेलो, तासाभराहून थोडं जास्त लागलं. वाटेत एका बाजूला वाळू, मग सिमेंटचे कारखाने, त्यांच्या मागे तपकिरी डोंगर. झाडाचं एक पान नसलेले डोंगर मी पहिल्यांदा बघितले. कारखाना छोटा पण लखलखीत. अभिजितने सगळं दाखवलं. एका यंत्रात हेल्मेट उंचावरून लोखंडी ठोकळ्यावर पाडतात. दुसऱ्यात पट्ट्याला वजन टांगून झटका देतात. "दर लॉटमधलं फोडून बघतो, काकू," तो म्हणाला. त्या झटक्याच्या यंत्रापाशी मी जरा जास्त वेळ उभी राहिले. त्याला वाटलं मला आवडलं.

इतिहासाची खोली थंडगार होती. भिंतीवर शेडचा फोटो, मालकांचा फोटो, वाळवंटातल्या शर्यतीत कंपनीचं नाव घेऊन धावणाऱ्या आजच्या मुलांचे फोटो. मधोमध काचेच्या पेटीत ते लाल हेल्मेट. पाटी इंग्रजीत आणि अरबीत. अभिजितने मला मराठीत वाचून दाखवली. आमच्या कारखान्यात घडलेलं पहिलं शर्यतीचं हेल्मेट, रंगकाम दत्ताराम. ह्यांचं नाव अरबीत लिहिलेलं मी बघितलं. मला वाचता येत नव्हतं, पण त्या पाटीवर ह्यांचं नाव आहे एवढं पुरलं. अभिजितला काही माहीत नाही. त्याच्या वडिलांनी त्याला ही गोष्ट जशी सांगितली तशी त्याने भिंतीवर लावली. मी फीत कापली. शाल घेतली, नारळ घेतला. दोन शब्द बोला म्हणाले तर म्हटलं, "सगळ्यांचं भलं होवो."

मग अभिजितने समीरला पुढे बोलावलं. त्याने आपल्या सगळ्या माणसांसाठी इथूनच हेल्मेट घेतली होती. समोर कामगार होते, केरळचे, बिहारचे, नेपाळचे, म्हणून तो हिंदीत बोलला. म्हणाला, "माझ्या वडिलांच्या डोक्यावर हेच हेल्मेट होतं. हेल्मेट चांगलं होतं. चूक वडिलांची होती, त्यांनी पट्टा लावला नाही. म्हणून मी माझ्या पोरांना रोज सांगतो, पट्टा लावा. यल्ला, चला, एवढंच." टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप उठले, हे लिहिताना मला सर्वात जास्त लाज वाटते.

बाहेर चहा होता. समोसे, खजूर आणि कुणीतरी मुद्दाम केलेला कांदेपोह्यांचा मोठा टोप. बाळासाहेबही आला होता, कंपनीच्या खर्चाने. आता सत्तरीला टेकलाय, गुडघे गेलेत, सांगलीत टायरचं दुकान आहे. प्लेट घेऊन माझ्या शेजारी बसला.

"वहिनी, तोंड का पडलंय? दत्ताची आठवण?"

"काचेत काय ठेवलंय बघितलं ना तुम्ही?"

त्याने इकडंतिकडं बघितलं. "गप बसा. आता काय उकरून काढतासा? म्हातारा गेला, दत्ता गेला. त्या पोराला तरी काय ठावं? आणि आता माल चांगला करत्यात."

"तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटतं की. पर मी बोललो तर पुढच्या खेपेला विमानाचं तिकीट येणार न्हाई, एवढंच माझं नुकसान." तो हसला, मग माझ्याकडे बघून थांबला. "काय झालं वहिनी?"

मी त्याला सांगितलं. सुरेशने काय विचारलं होतं, मी काय उत्तर दिलं होतं आणि बकल बंद होतं. बत्तीस वर्षांत मी हे पहिल्यांदा तोंडाने म्हटलं, आणि तेही ज्याला सांगायला हवं त्याला सोडून. बाळासाहेबाने प्लेट खाली ठेवली.

"काचेतलं जाऊ द्या," तो म्हणाला. "ते माझं अन् कंपनीचं. कधीतरी मी बघतो, न्हाईतर न्हाई बघत. पर ह्या पोराला सांगा. ते बापाला शिव्या घालतंय न् टाळ्या घेतंय."

"तो माझं तोंड बघणार नाही."

"न्हाई बघणार कदाचित," बाळासाहेब म्हणाला.

आम्ही रात्री रास अल खैमातच एका साध्या हॉटेलात राहिलो. रविवारी समीर आम्हाला जबल जैसवर घेऊन गेला. हा त्यांचा सगळ्यात उंच डोंगर. वर जायला पैसे लागत नाहीत, रस्ता इतका गुळगुळीत की वळणांवर पोटातलं पाणी हलत नाही. मात्र सकाळी लवकर जा, नंतर गाडी लावायला जागा नसते. शेळ्या रस्त्यात उभ्या असतात, त्या हॉर्नला भीत नाहीत. वर खरोखर थंडी असते, इराला माझी सत्काराची शाल पांघरली. खाण्याचं घरून न्या, वर सगळं महाग आहे. पल्लवीने धपाटे केले होते.

मोटारसायकलवाल्यांचा एक जथा आमच्या शेजारून वर गेला, चकचकीत गाड्या, चकचकीत हेल्मेट. समीर त्यांच्याकडे बघत राहिला. पल्लवी आणि इरा कठड्याकडे फोटो काढायला गेल्या होत्या. आम्ही दोघंच होतो.

"आत्या, एक सांगू? मला बाबांचा अजून राग येतो," तो म्हणाला. "आज अडतीस वर्षांचा झालो मी. बाबांपेक्षा मोठा. एक टिक्क करून लावायला किती वेळ लागतो? आमचा विचार नाही आला त्यांना?"

यापेक्षा सरळ वाट मला कुणी करून दिली नसती. समोर दरी, वर ऊन, शेजारी तो. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "पाणी देऊ का तुला?"

त्याने बाटली घेतली. "थँक्यू आत्या," म्हणाला.

परतताना मी मागे बसले. इरा माझ्या मांडीवर डोकं टेकवायला बघत होती, पण बेल्टमुळे तिला टेकवता येईना. "बाबा वोन्ट अलाऊ," ती म्हणाली. समीर आरशातून आमच्याकडे बघत होता.

सोमवारी अबुधाबीला जायचं ठरलं होतं. गुडघा दुखतोय म्हणून मी घरीच राहिले. गुडघा दुखत नव्हता. मंगळवारी विमान. विमानतळावर समीरने वाकून नमस्कार केला, आणि मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हाही काही बोलले नाही.

बुधवारी घरी पोचले. घरात अजून ह्यांच्या कपाटात थिनरचा वास येतो. मी त्यातले कपडे धुवायला काढत नाही. बॅग तशीच ठेवून खुर्चीत बसले. ह्यांच्यावर चिडावं असं फार वाटलं. ते लाडू खात राहिले, हेल्मेट घेऊन गेले, दहाव्याला मान खाली घालून बसले. पण सुरेशने त्यांना विचारलंच नव्हतं. त्याने मला विचारलं होतं. हे गेल्यावर चार वर्षं मी लोकांना सांगत आले की ते फार सरळ माणूस होते. होतेच. तसे सरळ आम्ही दोघंही होतो, एवढी एक गोष्ट सोडून. आणि त्या एका गोष्टीवर एका पोराने आपल्या मेलेल्या बापाशी भांडत आयुष्य काढलं.

या प्रवासातून काय राहिलं असं विचाराल तर डोंगर राहिला, दोन दिरहॅमचा चहा राहिला. रत्नागिरीच्या त्या पोराचा घट्ट पट्टा राहिला. समीरमुळे पन्नास माणसं पट्टा घट्ट लावतात. खरं सांगितलं तर ते पट्टे सैल होतील का, असाही एक विचार मी करून पाहिला, कारण न बोलण्याला कारण हवं होतं. ते कारण टिकलं नाही. पट्टा लावायलाच हवा. फक्त सुरेशनेही लावला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला, तिकडच्या आठला, मी समीरला फोन केला आणि विचारलं की गाडी चालवतोयस का. तो म्हणाला, नाही, उभा आहे. मग मी त्याला सगळं सांगितलं.